कृपया अभिप्राय कळवावा

‘प्रकल्प’ हा शब्द आमच्या आजोबांच्या पिढीने ऐकला तो धरणांच्या संदर्भात. कोयना प्रकल्प, भाक्रा प्रकल्प! शब्द उच्चारताच डोळ्यांपुढे डोंगर फोडणारी माणसे, सिमेंटच्या राशी आणि कोनशिलेपाशी हार घालून उभे असलेले पुढारी येत. पुढे हा भारदस्त शब्द शाळेत शिरला, आणि बघता बघता पुठ्ठा, डिंक आणि आईचे जागरण एवढ्यावर त्याची बोळवण झाली. रात्री साडेनऊ वाजता, “आई, उद्या ज्वालामुखी न्यायचाय,” असे शांतपणे सांगणारे अपत्य ज्या घरात नाही, ते घर मध्यमवर्गीय म्हणवून घेण्यास पात्र नाही असे माझे नम्र मत आहे.

हेच अपत्य पदवीच्या शेवटच्या वर्षाला पोचते तेव्हा त्याच्याबरोबर प्रकल्पही वाढलेला असतो. आता तो काळ्या बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा, शंभरेक पानांचा ग्रंथ होतो. मुखपृष्ठावर लिहिलेले असते की, अमुक पदवीच्या ‘अंशतः पूर्ततेसाठी’ सादर. पूर्तता अंशतः असली तरी ग्रंथ मात्र संपूर्ण तयार मिळतो. शहरातल्या कोणत्याही मोठ्या महाविद्यालयाच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानांची एक गल्ली असते. तिथे विषय सांगावा, पैसे मोजावेत आणि दोन दिवसांनी पिशवी घेऊन जावे. लग्नाच्या पत्रिकेत फक्त नावे बदलतात, तसेच हे. कधी नावे बदलायचीही राहून जातात. एका ग्रंथाच्या ऋणनिर्देशात, आपल्याला वेळोवेळी प्रोत्साहन दिल्याबद्दल विद्यार्थ्याने भलत्याच जिल्ह्यातल्या भलत्याच महाविद्यालयाच्या प्राचार्यांचे आभार मानलेले मी स्वतः वाचले आहेत.

एरवी या सदरात मी दर आठवड्याला एखाद्या शब्दाची विचारपूस करतो. दिवाळीला संपादक जागा अंमळ सढळ हाताने देतात, म्हणून यंदा एका शब्दाबरोबर एक हकिगतही सांगणार आहे. शब्द आहे ‘प्रोटोकॉल’.

झाले असे की, आमच्या महाविद्यालयातल्या संगणकशास्त्र विभागाने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पांचे परीक्षण करायला तिघांची समिती नेमली. एक विभागातले प्राध्यापक, एक बाहेरचे परीक्षक आणि तिसरा मी. मराठीच्या माणसाचे तिथे काय काम, असे मी विचारले, तेव्हा विभागप्रमुख म्हणाले, “तुम्हांला समजलं की कुणालाही समजेल, सर!” हे कौतुकच आहे असे धरून मी होकार दिला. माझ्याकडे भाषेचे आणि सादरीकरणाचे वीस गुण होते. विषय होता संगणकांची जाळी आणि त्यांचे प्रोटोकॉल.

आपल्याकडे या शब्दाला ‘राजशिष्टाचार’ म्हणतात, आणि त्याच नावाचा कारभार मंत्रालयात चालतो. पाहुण्या मंत्र्याची खुर्ची कोणती, हार आधी कोणाला, असल्या प्रश्नांची उत्तरे तिथे मिळतात. मूळ शब्द ग्रीक. पपायरसच्या गुंडाळीला सुरुवातीला जे पान चिकटवीत ते प्रोटोकॉलॉन. मला हे वाचताना आपला जुना मायना आठवला. ‘ति. बाबांचे सेवेशी, सा. न. वि. वि.’ एवढे वाचले की पत्र कोणी कोणाला लिहिले आहे, लिहिणारा वडील की धाकटा, हे मजकुराला हात घालण्यापूर्वीच कळे. आणि ‘कळावे, लोभ असावा’ आले की मजकूर संपला. आता खाली फक्त सही. संगणकही एकमेकांशी बोलताना याहून वेगळे काही करीत नाहीत. कोणाकडून, कोणाला, कितवा तुकडा, हे आधी. मग मजकूर. आपण टेलिफोनवर “हॅलो, ऐकू येतंय का?” म्हणतो, पलीकडचा म्हणतो, “येतंय, तुला येतंय का?” आपण म्हणतो, “येतंय, बोल.” या तीन वाक्यांना संगणकवाले तिपदरी हस्तांदोलन म्हणतात. इंटरनेटवरच्या बऱ्याचशा संभाषणांची सुरुवात आजही या तीन वाक्यांनी होते.

दुपारपर्यंत आम्ही चकचकीत प्रकल्प पाहिले. रंगीत फलक, टाय घातलेली मुले, पडद्यावर भराभर सरकणारी चित्रे. एखादा प्रश्न विचारला की मुलगा शेजारच्याकडे पाही आणि शेजारचा छताकडे. सगळे सुरळीत चालत होते. इतके सुरळीत की मला झोप येऊ लागली.

कोपऱ्यातल्या टेबलावर एक मुलगी उभी होती. भोरकडच्या एका गावाहून ती रोज एस.टी.ने येते. तिच्यापुढे प्रयोगशाळेतले दोन जुने संगणक, मध्ये एक निळी वायर आणि स्पायरल बाइंडिंगची बावीस पाने. फलक नाही.

“सर,” ती मला उद्देशून म्हणाली, “समजा मला तुम्हांला लांबलचक पत्र पाठवायचंय, पण पोस्ट फक्त कार्डंच घेतं. मग मी पत्राचे तुकडे करीन आणि प्रत्येक कार्डावर नंबर घालीन. तुम्ही प्रत्येक कार्डाची पोच द्यायची. पोच आली नाही, की तेच कार्ड मी पुन्हा टाकीन. पोच आली की पुढचं.”

एवढे बोलून तिने एक इंग्रजी परिच्छेद पाठवायला सुरुवात केली आणि तो निम्मा गेला असताना सरळ वायर उपटली. पलीकडचा पडदा थिजला. तिने आमच्याकडे एकदा पाहिले आणि वायर पुन्हा खोचली. चार-पाच सेकंद गेले असतील. उरलेला परिच्छेद सुटलेल्या शब्दापासून पुन्हा उमटू लागला. एक अक्षर गळले नाही, एक दुबार आले नाही. हे सारे तिने स्वतः लिहिले होते. त्या दिवसात प्रथमच मी खुर्चीत सरसावून बसलो. ‘पोच’ हा आपला साधा शब्द, आणि केवढे काम करतो! पोच आली नाही म्हणजे पत्र गेले नाही असे समजावे, हा सारा कारभाराचा पाया.

तेवढ्यात बाहेरचे परीक्षक खेळीमेळीने म्हणाले, “मराठीचे सर बसलेत. मराठीत काहीतरी पाठवा की!”

तिने ‘नमस्कार’ टाइप केले. पलीकडे ‘नमस्क’ उमटले, मग प्रश्नचिन्हांचे काळे चौकोन, मग ‘र’. मधला काना नाहीसा झाला होता. टाय घातलेल्यांपैकी कोणीतरी हसले. परीक्षकांनी हातातल्या तक्त्यावर काहीतरी लिहिले. मुलगी लालबुंद झाली. पण ती गप्प राहिली ती शरमेने नव्हे, हे थोड्या वेळाने कळले. ती बोटांवर मोजत होती.

“कळलं, सर,” ती म्हणाली आणि फळ्याकडे गेली. तिच्या एका कार्डावर सोळा घरे होती. इंग्रजी अक्षराला एक घर पुरते. आपल्या लिपीतल्या प्रत्येक खुणेला मात्र, यूटीएफ-८ नावाची जी पद्धत सर्वत्र चालते तिच्यात, तीन घरे लागतात. आणि ‘स्क’ हे जोडाक्षर संगणकाच्या लेखी एक नव्हे: स, पाय मोडल्याची खूण आणि क, अशा तीन वेगळ्या खुणा. तेव्हा न, म, स, मोडका पाय, क. पाच त्रिक पंधरा. सोळाव्या घरात कान्याचा पहिला तुकडा बसला, आणि त्याचे उरलेले दोन तुकडे पुढच्या कार्डावर गेले. “पहिल्या कार्डाला अर्धा काना वाचता येईना, दुसऱ्यालाही येईना,” ती म्हणाली. “कार्डं दोन्ही पोचली, सर. पोचही बरोबर आली. काना तेवढा मधोमध फाटला.”

कान्याची इतकी बारकाईने केलेली चिकित्सा मी व्याकरणाच्या वर्गातही ऐकलेली नाही. माझे वीसपैकी अठरा गुण मी तिथेच लिहून टाकले. परीक्षकांच्या तक्त्यात ‘आउटपुट’ असा एक रकाना होता. ते गृहस्थ वाईट नव्हते. दिवसभरात चाळीस प्रकल्प पाहायचे, संध्याकाळी तक्ते भरून द्यायचे. रकाना जे विचारील त्याचे उत्तर द्यायचे. त्यांनी ‘डेमो अयशस्वी’ असे उत्तर दिले. एकूण गुण झाले शंभरात एकावन्न. परप्रांतीय प्राचार्यांचे आभार मानणाऱ्या ग्रंथाला चौऱ्याऐंशी पडले.

त्यानंतर काही दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचत सुटलो, आणि वाचता वाचता असे आढळले की ज्याला आपण आज इंटरनेट म्हणतो त्याचे पहिले नियम म्हणजे एक विद्यार्थ्यांचा प्रकल्पच होता, आणि त्याचा पहिला डेमो अयशस्वी झाला होता.

गोष्ट १९६८–६९ सालची. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’ या संस्थेने निरनिराळ्या विद्यापीठांतले संगणक एका जाळ्यात जोडायचे ठरवले. जोडणी करणारी यंत्रे बांधण्याचे कंत्राट मॅसॅच्युसेट्समधल्या बीबीएन या कंपनीला मिळाले. पण जोडल्यावर संगणकांनी एकमेकांशी बोलायचे कसे, हे कोणी सांगितलेच नव्हते. ते काम लॉस एंजलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ, स्टॅनफर्ड संशोधन संस्था, सँटा बार्बरा आणि यूटा या चार ठिकाणच्या तरुण मंडळींवर येऊन पडले, आणि त्यांत बहुतेक पदव्युत्तर विद्यार्थी होते. लॉस एंजलिसच्या कंपूतले स्टीव्ह क्रॉकर, विंट सर्फ आणि जॉन पोस्टेल हे तिघे तर एकाच हायस्कुलात शिकलेले. या मुलांची अशी समजूत होती की, कोणीतरी मोठी, अधिकारी माणसे पूर्वेकडून येतील आणि खरे नियम देतील. तोवर आपण काही टिपणे करून ठेवावीत. मोठी माणसे आलीच नाहीत.

टिपणे लिहायची जबाबदारी क्रॉकरकडे आली. धास्ती अशी की, आपण विद्यार्थी. आपण काही ठाम लिहिले तर ‘हे कोण लागून गेले?’ असे कोणी म्हणायचे. तेव्हा तो मित्रांकडे उतरला होता. घरच्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्याने रात्री न्हाणीघरात बसून लिहिले, आणि टिपणाला नाव दिले ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’. आपल्या भाषेत, ‘कृपया अभिप्राय कळवावा’. पहिल्या टिपणावर तारीख आहे ७ एप्रिल १९६९. जाळे अजून अस्तित्वात नव्हते, त्यामुळे जाळ्याचे नियम कागदावर छापून टपालाने जात!

तिसरे टिपण मला सर्वांत आवडले. ही टिपणे कशी लिहावीत याचे ते टिपण. त्याचा आशय असा की, विचार कच्चा असला तरी चालेल, उदाहरणाशिवाय मत चालेल, उत्तराशिवाय प्रश्नही चालेल. कमीत कमी लांबी, एक वाक्य. कारणही दिले आहे. लिहिलेले काही दिसले की माणसे ते प्रमाण मानू लागतात, आणि घासूनपुसून झाल्याशिवाय लिहायचे कसे म्हणून लिहिणारा संकोचतो; या दोन्ही खोडी मोडायच्या आहेत. निबंधाचे शेकडो गठ्ठे तपासलेला मी मास्तर. मला वाटते, लेखन शिकवणाऱ्याने कोणत्याही अलंकारग्रंथाआधी हे पानभर टिपण वाचावे.

अशी टिपणे आजवर नऊ हजारांहून अधिक झाली. त्यांतल्या कित्येकांना आता कायद्याचे वजन आहे, जगातली यंत्रे त्यांबरहुकूम चालतात. डोक्यावरचे नाव मात्र अजून तेच, अभिप्राय मागणारे. त्यांतले ६७५वे टिपण डिसेंबर १९७४चे. ‘इंटरनेट’ हा सुटसुटीत शब्द प्रथम आढळतो तो त्यात. लिहिणारे तिघे: विंट सर्फ, जे तोवर स्टॅनफर्डला प्राध्यापक झाले होते, आणि त्यांचे दोन विद्यार्थी, कार्ल सनशाइन आणि योगेन दलाल. यातले दलाल आपल्या पवईच्या आय.आय.टी.तून शिकून गेलेले. त्यांनी तिथे जे आखले ते पुढे सुधारत, दुभागत, १ जानेवारी १९८३ रोजी त्या जाळ्यावर अधिकृतपणे चालू झाले. तिपदरी हस्तांदोलन आणि पोच, दोन्ही त्यात आहेत.

आता तो डेमो. २९ ऑक्टोबर १९६९, रात्रीचे साडेदहा. लॉस एंजलिसहून चार्ली क्लाइन हा एकवीस वर्षांचा विद्यार्थी साडेतीनशे मैलांवरच्या स्टॅनफर्ड संस्थेतल्या यंत्राला ‘लॉगिन’ हा इंग्रजी शब्द पाठवीत होता. पहिले अक्षर एल गेले. दुसरे ओ गेले. तिसरे जी टाइप केले आणि पलीकडचे यंत्र कोसळले. कारण मोठे मजेचे आहे. ते यंत्र हुशार होते. एवढी अक्षरे आली की पुढचा शब्द स्वतःच पुरा करून द्यायची त्याला सवय. पण एका वेळी एकच अक्षर जाईल या हिशोबाने जागा ठेवलेली. एकदम आलेली अक्षरे तीत मावली नाहीत. तासाभरात दुरुस्ती झाली आणि सगळे सुरळीत चालले. पण त्या जाळ्यावरच्या या पहिल्या संदेशात पोचली ती दोन अक्षरे.

(या मंडळींना विनोदाचेही वावडे नाही. १ एप्रिल १९९० रोजी त्यांनी कबुतरांकरवी इंटरनेट चालवण्याचे टिपण काढले. २००१ साली नॉर्वेतल्या बर्गनच्या काही हौशी लोकांनी ते खरोखर करून पाहिले. नऊ संदेश धाडले, चारांची उत्तरे आली. सर्वांत चपळ उत्तराला त्रेपन्न मिनिटे लागली. आमच्या तक्त्यात कबुतरे साफ नापास झाली असती.)

इकडे निकाल लागला. एकावन्नाने त्या मुलीची वर्षाची टक्केवारी साठाच्या थोडी खाली उतरली, आणि महाविद्यालयात येणाऱ्या बहुतेक कंपन्या साठाच्या खालच्यांना मुलाखतीला बसवीत नाहीत. प्रकल्पाच्या गुणांची फेरतपासणी होत नाही. मी विभागप्रमुखांना भेटलो. ते म्हणाले, “सर, मला का कळत नाही? पण तक्ता वरून येतो.”

एके दिवशी तिचे वडील आले. एस.टी.त वाहक आहेत. ड्यूटी संपवून खाकी कपड्यांतच आले होते. खुर्चीवर बसायला तयार होईनात.

“सर, एक इचारू का?” ते म्हणाले. “आठ हजारांत तयार मिळत हुता म्हनं प्रोजेक्ट. मी म्हनलं हुतं, पैसं देतो. तिनं नको म्हनलं, मी करते. तिनं सोता केला म्हणून कमी पडलं का?”

या प्रश्नाला खरे उत्तर ‘होय’ असे होते, आणि ते त्यांच्या तोंडावर मी दिले. मग मी त्यांना लॉस एंजलिसची गोष्ट सांगितली. त्यांनी ती तिकिटाचा हिशोब ऐकावा तशी लक्षपूर्वक ऐकली.

“मग त्या पोराला काय मार्क दिलं?”

“मार्क नव्हते. प्रयोगशाळेत एक नोंदवही होती. तीत वेळ लिहिली आहे, साडेदहा, आणि पुढे एक ओळ. स्टॅनफर्डच्या यंत्राशी बोलणं झालं.”

“बंद पडलं, त्ये न्हाई लिवलं?”

“त्या ओळीत नाही.”

ते थोडा वेळ टोपी हातात फिरवीत उभे राहिले. “मंग आमच्या पोरीचंबी बोलनं झालंच की,” ते म्हणाले.

पुढचे थोडक्यात सांगतो. मुलीने पदव्युत्तर वर्गाला प्रवेश घेतला आहे, त्यामुळे पुन्हा तीच एस.टी., तीच प्रयोगशाळा. काना आता फाटत नाही. अर्धे अक्षर आले तर ते पडद्यावर न दाखवता, पुढचे कार्ड येईपर्यंत राखून ठेवायचे, एवढीच दुरुस्ती होती. तिला एक संध्याकाळ लागली. यंदापासून प्रत्येक प्रकल्पाच्या शेवटी ‘काय जमले नाही आणि का’ असे एक पान सक्तीने जोडावे, त्याला दहा गुण असावेत, असा लेखी प्रस्ताव मी विभागाला दिला आहे. तयार ग्रंथ विकणारे ते पानही तयार करून देतील, असे एक सहकारी म्हणाले. देतीलही. पण तोंडी परीक्षेत त्या पानावर प्रश्न विचारता येतात, आणि न केलेल्या चुकीचे वर्णन करणे भारी अवघड असते.

प्रस्ताव अजून फायलीत आहे. मुलीने मात्र वाट पाहिलेली नाही. तिने आपल्या प्रकल्पाचे दोन पानी टिपण प्रयोगशाळेच्या फलकावर टाचणीने लावले आहे, मराठीत. वर मायना नाही. शीर्षकाच्या जागी, माझ्याकडूनच उचललेले, ‘कृपया अभिप्राय कळवावा’. दुसऱ्या वर्षाची मुले येता जाता त्याच्याखाली पेन्सिलीने काहीबाही लिहितात. परवा गेलो तेव्हा एकाने विचारले होते: अक्षरे अख्खी आली, पण जोडाक्षराचा पाय एका कार्डावर आणि पुढचे अक्षर दुसऱ्यावर गेले, आणि ते दुसरे कार्ड हरवले तर पडद्यावर काय दाखवायचे? त्याखाली आणखी दोन हस्ताक्षरांत दोन उत्तरे होती, आणि ती एकमेकांशी जुळत नव्हती.